उरलेलं ताट

तेजलचा डबा त्या दिवशी तळेगावला ओट्यावरच राहिला, आणि त्याचं खापर फोडायचंच तर तिच्या आईवर फोडावं लागेल. निघता निघता आईचं तेच पालुपद — "नवीन स्थळ आलंय. ऑपरेशनचं अवाक्षर काढायचं नाही." तेजल चिडून निघाली, डबा मागे राहिला, आणि दुपारी कामशेतच्या चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून उठून तिला समोरच्या खानावळीत जावं लागलं.

भिंतीवर पाटी होती : 'ताटात टाकू नये. टाकणाऱ्यास उद्या ताट नाही.'

"अर्धं ताट मिळेल?"

"अर्धं ताट आईला ठाऊकच नाही," वाढणारा तरुण हसला. हा प्रज्ञेश. खानावळ त्याच्या आईची, शालूबाईची, आणि ती पाटीही तिचीच.

अंड्याची आमटी, भाकरी, इंद्रायणीचा वाफाळता भात. तेजलनं आधी अंडं घेतलं. एकेक घास तीस वेळा चावला, पाण्याला हात लावला नाही. आजूबाजूची बाकं दोनदा रिकामी होऊन दोनदा भरली, तरी हिचं अर्धं अंडं शिल्लकच. आणि मग आली उचकी. ही उचकी म्हणजे तिच्या पोटाचा निरोप असायचा — बाई, बास!

"कुणीतरी आठवण काढतंय तुमची," प्रज्ञेश पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"पाणी नको..."

"आणि हे ताट?"

"मला... आज उपवास आहे."

त्यानं अर्ध्या अंड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "कोणत्या देवाचा?"

तेजलला इतकं हसू आलं की उचकीच थांबली. त्यानं उरलेलं अन्न एका डब्यात भरून दिलं. "डब्यात नेलेलं पाटीला चालतं," म्हणाला.

दीड वर्षापूर्वी तेजल एकशे बारा किलोची होती. गुडघे बोलायचे, रक्तात साखर. पुण्याला ऑपरेशन झालं, पोटाचा मोठा भाग काढला, उरलं ते केळ्याएवढं. सुरुवातीला पंधरा दिवस नुसतं वरणाचं पाणी. कुस्करलेल्या भाताचा पहिला चमचा मिळाला तेव्हा ती चक्क रडली होती. वजन उतरलं, पण जेवायची हौस डोक्यात जशीच्या तशी! आणि एक जमलेलं स्थळ हे कळताच फिरलं — 'पोट कापलेली मुलगी नको.' तेव्हापासून आईनं सगळ्या घराच्या तोंडाला कुलूप लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा आणूनही ती खानावळीत गेली. का, ते तिलाच विचारा.

प्रज्ञेशनं काही न विचारता छोटी ताटली पुढे ठेवली. तिचं जेवण सावकाश, त्यामुळे गर्दी ओसरायची तरी ती बसलेलीच. मग तोही समोर येऊन बसायला लागला. रोज उचकी यायची, रोज तो विचारायचा, "आज कोण?"

"मामा."

"मामांना दुसरा कामधंदा नाही का?"

एकदा तो डोळे तपासायला दुकानात आला. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यानं धडाधड वाचली.

"नजर ठणठणीत आहे तुमची," तेजल म्हणाली.

"मग खानावळीतून हे दुकान नीट का दिसत नाही? सारखं इकडे यावंसं वाटतं..."

तिनं मान खाली घालून एकच भिंग तीनदा पुसलं.

"आईला तुझ्याबद्दल सांगू का?" त्यानं हळूच विचारलं.

"आधी मला काहीतरी सांगायचंय. उद्या सांगते."

त्या उद्याला आठ दिवस झाले. तो तिला मनापासून आवडला होता, म्हणून तर सांगायचा धीर होत नव्हता. हाही फिरला तर?

बाजाराच्या दिवशी छोटी ताटली आलीच नाही. शालूबाई स्वतः भरलं ताट घेऊन आली. नव्या तांदळाचा भात, वर खिरीची वाटी. "पाखरावानी जेवती पोरगी. आज मी वाढणार! ह्यो घास माज्या नावाचा."

तेजलनं तो घास घेतला. आग्रहानं खिरीचे दोन चमचेही घेतले. आणि मग तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली. तिनं ताट बाजूला सरकवलं.

शालूबाईचा चेहरा उतरला. "आमच्या हातचं ग्वाड लागंना व्हय? तसं सांगावं, बाय."

आतून प्रज्ञेश धावत आला. तेजलनं टेबल घट्ट धरलं.

"तसं नाही, मावशी. दीड वर्षापूर्वी माझं पोट कापून लहान केलं. मी एकशे बारा किलोची होते. एवढंसंच जेवते आणि... आयुष्यभर एवढंच जेवणार. हे लपवलं. चुकलं माझं."

बाकांवरच्या माणसांचे घास हातातच राहिले. प्रज्ञेश तिच्याकडे बघत उभा. "गोड सोसत नाही तुला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"दीड वर्ष आधी यायचंस की मग! आईची दोन ताटं खपली असती."

असं म्हणून तो तिच्यासमोर बसला, तिचं ताट स्वतःकडे ओढलं आणि तिनं अर्धवट सोडलेल्या भातात हात घातला.

"आरं, उष्टं हाय त्ये!" शालूबाई ओरडली. "घरच्या मान्साचंच खात्यात उष्टं!"

"व्हय आई. म्हणूनच खातोय."

तेजलच्या डोळ्यांना धार लागली. शालूबाईनं लेकाकडे पाहिलं, मग तेजलकडे. मग तिनं खिरीची वाटी उचलून लेकाच्या ताटात पालथी केली आणि पदरानं तेजलच्या कपाळावरचा घाम टिपला. "लय तरास झाला व्हय गं? मला काय ठावं... तुज्या घरी कुनाशी बोलायचं, त्येवढं सांग."

हळूहळू घाम ओसरला. प्रज्ञेशनं बोट फिरवून ताट लख्ख केलं, पाटीचा मान राखला. इतक्यात तेजलला उचकी आली.

"आज कोण?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "पोट भरलं."