उद्घाटनाचा बळी

नूतन मिश्रणयंत्रातून पडणाऱ्या पशुखाद्याची पहिली ओंजळ अध्यक्षांनी स्वहस्ते घ्यावी आणि छायाचित्रकारांनी ते मंगल दृश्य टिपावे, असे ठरले होते. त्याप्रमाणे राज्य पशुखाद्य महामंडळाचे अध्यक्ष रविराज वाबळे ऊर्फ दादा यांनी व्यासपीठावरील कळ दाबली, खाली उतरून हसतमुखाने दोन्ही हात यंत्राच्या मुखाशी धरले आणि ओंजळ भरू दिली. ती उष्ण होती. ओलीही होती.

फटाके अद्याप वाजत होते. अध्यक्षांच्या शुभ्र बाह्या लाल झालेल्या दिसल्या तेव्हा प्रथम बँड थांबला. टाळ्या सर्वांत शेवटी थांबल्या.

यंत्राच्या उदरात कारखान्याचे व्यवस्थापक रामहरी शेटे होते.

सोनईच्या रस्त्यावरील त्या कारखान्यात सहायक पोलीस निरीक्षक पंकजा ढाकणे पोहोचल्या, तेव्हा मंडप उतरविला गेला होता. मंडपवाला आपले खांब, कापडे, ध्वनिक्षेपक व जनरेटर घेऊन जामखेडच्या दुसऱ्या कार्यक्रमास रवाना झाला होता. मृत्यूमुळे कोणाचाही पुढील कार्यक्रम रद्द झाला नव्हता.

फाटकाशीच एक स्त्री त्यांच्या पायांवर कोसळली. ती कारखान्यातील कंत्राटी वायरमन सहादेव डोके याची पत्नी लंकाबाई होती.

"बाई, माझ्या मालकाला बांधून नेऊ नगा. समदे म्हनत्यात, सहादेवनंच मारलं. औंदा ऊसतोडीचा कोयता सोडला आमी, ह्या नोकरीच्या जिवावर. त्यो आत गेला तर म्या कुनाच्या तोंडाकडं बघू?"

"त्याने काही केले नसेल तर तो आत जाणार नाही," पंकजाबाई म्हणाल्या.

"गरिबाचं असं कुठं आसतं, बाई?" लंकाबाई म्हणाली.

अध्यक्ष सभागृहात बसले होते. त्यांनी सदरा बदलला होता आणि नखांतील लाली ते काडीने काढीत होते.

"मॅडम, मी फक्त कळ दाबली. आत माणूस हाय हे मला काय स्वप्न पडणार? चूक वायरमनची. संध्याकाळच्या आत त्याला आत घ्या आणि विषय मिटवा. वरून तुम्हाला फोन येईलच."

"व्यासपीठावर व्यवस्थापकांची खुर्ची कोठे होती?"

"त्यांना खुर्ची नव्हती."

"व्यवस्थापकांनाच?"

"माणूस अडेल होता. मी सांगितलेली पोरं कामावर घेईना, मी धाडलेल्या व्यापाऱ्याची पेंड उतरून घेईना. म्हणायचा, बुरशी आहे, गाभण जनावरं दगावतील. अरे, जनावरं काय मतदान करतात? असल्या माणसाला मांडीला मांडी लावून बसवू?"

"म्हणून ते दिसले नाहीत तरी कोणी शोध केला नाही."

"शोध कशाला करायचा? तोंड दिसलं नाही, तेच बरं वाटलं."

पंकजाबाई यंत्राकडे गेल्या. जे उरले होते ते चादरीवर मांडलेले होते, आणि त्याचे वर्णन न करणेच उचित होय. परंतु विजारीचा एक खिसा शाबूत राहिला होता. त्यात चिनी मातीचे तीन फ्यूज होते. एक दुभंगला होता.

त्यांनी विजेच्या फलकाचे दार उघडले. मिश्रणयंत्राच्या तिन्ही खाचा रिकाम्या होत्या. याचा अर्थ, मृताने आत उतरण्यापूर्वी वीज स्वहस्ते तोडली होती. तरीही यंत्र फिरले होते.

आणखी दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीस पडल्या. यंत्राचे वरचे झाकण कडी लावून बंद केलेले होते. त्या कडीभोवती झेंडूचा हार गुंडाळून त्याची गाठ मारलेली होती. दुसरी गोष्ट यंत्राच्या मोटारीपाशी होती. मोटारीच्या ज्या डबीत विजेच्या तारा जोडतात, तिचे झाकण एकाच स्क्रूवर लोंबत होते.

"ही डबी कोणी उघडली?" त्यांनी सहादेवला विचारले.

"ठावं न्हाई."

"वायरमन तू ना?"

"व्हय."

"उद्घाटनाच्या वेळी तू कोठे होतास?"

"स्टेजमागं. समद्यांनी बघितलंय मला."

"नेहमी अशा समारंभात व्यासपीठावरची कळ दिखाऊ असते. पाहुणे ती दाबतात आणि वायरमन आत फलकापाशी उभा राहून यंत्र सुरू करतो. आज तू फलकापाशी का नव्हतास?"

सहादेवने मान खाली घातली.

"शेटेसाहेब यंत्रात उतरले आहेत, हे तुला माहीत होते?"

"न्हाई वो! आईची आन! मला ठावं आसतं तर… साहेबांनीच मला कामाला लावलं हुतं. दादांच्या यादीतल्या पोराला डावलून. त्यांना म्या मारीन?"

"मग गप्प का आहेस?"

"मला इचारू नका. होनसाहेबांना इचारा. ते म्हनलेत, मी निभावून न्हेतो."

होन हे कारखान्याचे उपव्यवस्थापक. उत्तर महत्त्वाचे होते. पंकजाबाईंनी ते मनात ठेवले आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. तेथे कारखान्याची स्वयंपाकीण भागूबाई शंभर पानांच्या जेवणासमोर सुन्न बसली होती. एकाही पाहुण्याच्या गळ्याखाली घास उतरला नव्हता.

"मावशी, आरडाओरडा झाला तेव्हा तुम्ही काय करीत होता?"

"चटनी वाटीत हुते, पाट्यावर."

"येथे मिक्सर आहे की."

"हाय, पर लाईटीचं काय? अर्धी चटनी झाली न् गेली लाईट. ती दादांचा ताफा यायच्या आधीच गेली. अजून कुठं आली? ही बघा, खालची बारीक न् वरची जाडी. दादांना जाडी चालत न्हाई म्हनून हात मोडस्तोवर वाटली, अन् खाल्ली कुनी? कुत्र्यानं."

"लाईट गेली तरी भाषण ऐकू येत होते?"

"येत हुतं म्हंजी? कानाचे पडदे फाटले. भोंगे जनरेटरवर हुते ना. पुढाऱ्याचं भाशान कधी लाईटीवाचून थांबलंय का?"

"यंत्रावरचा हार कोणी बांधला?"

"हार तर दादांच्या गाडीतनं आले. म्या बांधाया निघाले, तर होनसाहेबांनी हातातनं वढून घेतला. म्हनले, तुझं काम चुलीपाशी, हार मी बांधतो. बाईमानसाचा हात लागला तर इटाळ हुतो का काय यंत्राला?"

उपव्यवस्थापक वाल्मिक होन हे अत्यंत शोकाकुल दिसत होते. त्यांचे डोळे सुजलेले होते आणि बोलणे नम्र होते.

"साहेब मला वडिलांसारखे होते, मॅडम. त्यांचा नेमच होता. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातल्याशिवाय ते कोणालाही यंत्रात उतरू देत नसत. आम्ही थट्टा करायचो, साहेब, घरी मिक्सर धुतानाही फ्यूज काढता का?"

"त्यांना शेवटचे कोणी पाहिले?"

"मीच, दुर्दैवाने. हार बांधला आणि त्यांना बोलवायला कचेरीत गेलो. टेबलाशी बसले होते. डोक्यावर पंखा भरधाव सोडलेला, कागद उडत होते, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी म्हणालो, साहेब, चला. ते म्हणाले, जिथं मला खुर्ची नाही तिथं मी येऊन काय करू? त्यानंतर ते यंत्रात कधी उतरले, देव जाणे."

"सहादेवचे काय?"

"मुलगा वाईट नाही. पण निष्काळजी. दुसरे फ्यूज घातले असतील, नंतर घाबरून काढले असतील. मी त्याला सांगितलंय, खरं बोल, शिक्षा कमी होईल."

"आता व्यवस्थापकपदाचा कार्यभार कोणाकडे येईल?"

होन यांनी डोळे पुसले. "नियमाने माझ्याकडे. पण अशा प्रकारे नको होता, मॅडम."

पंकजाबाईंनी बाहेर येऊन जामखेडला एक फोन केला. पाठोपाठ त्यांच्याच फोनवर वरून फोन आला. तो त्यांनी शांतपणे ऐकला, "होय सर, संध्याकाळच्या आत एक अटक होईल," असे उत्तर दिले आणि सर्वांना सभागृहात बोलाविले.

अध्यक्ष घड्याळ पाहत होते. होन त्यांच्या मागे उभे होते. सहादेव भिंतीशी उकिडवा बसला होता आणि हवालदार रंगनाथ बेडी घेऊन दाराशी होता. ती बेडी पाहून सहादेवने डोळे मिटून घेतले.

"रामहरी शेटे यांनी फ्यूज काढले आणि खिशात ठेवले," पंकजाबाईंनी प्रारंभ केला. "शिवाय त्या वेळी संपूर्ण कारखान्याची वीज गेलेली होती. फलकात कोणी दुसरे फ्यूज घातले असते, तरी यंत्र हलले नसते. म्हणून निष्काळजीपणाची गोष्ट येथेच संपते."

"मग काय भुतानं फिरवलं?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या जनरेटरने फिरवले. भाषण चालू राहावे म्हणून जो मंडपात ठेवला होता, त्याने. त्याची तार गालिच्याखालून व्यासपीठावरच्या कळीत आणि तेथून थेट मोटारीच्या डबीत नेली होती. वर शोभेचे कापड होते. जामखेडहून मंडपवाल्याने हे कबूल केले आहे. शेटे यांनी फलकाची वीज तोडली. या दुसऱ्या विजेची त्यांना कल्पनाच नव्हती. ते निर्धास्तपणे उतरले."

"तार कुणी ओढली?"

"म्या," सहादेव भिंतीशी बसूनच म्हणाला, आणि इतका वेळ कोंडलेले सारे बाहेर पडले. "म्या वढली, काल. होनसाहेब म्हनले, ऐन टायमाला लाईट गेली तर दादांची शोभा हुईल, ह्या खेपंला खरीच कळ जोड. मोठ्या साहेबांना म्या सांगितलंय म्हनले. मंग ते समदं झालं, तवा कानाशी येऊन म्हनले, तार काढ. वढली तू, फाशी तुला. तोंड मिटून ऱ्हा."

"खोटारडा!" होन ओरडले. "मॅडम, स्वतःचा जीव वाचवायला तो माझ्यावर ढकलतोय!"

"असेल," पंकजाबाई म्हणाल्या. "एकट्या वायरमनच्या शब्दावर मी कोणाला अटक करणार नाही. तुमच्या शब्दावर करते. शेटेसाहेबांना तुम्ही शेवटचे केव्हा पाहिलेत?"

"सांगितलं की. हार बांधल्यावर."

"पंख्याखाली?"

"हो."

"हार अध्यक्षांच्या गाडीतून आले. वीज त्याआधीच गेली होती आणि अद्याप आलेली नाही. वर पाहा, होन. या सभागृहातलाही पंखा बंद आहे. कचेरीला जनरेटर जोडलेला नव्हता. मग तुम्ही पाहिलेला पंखा कशावर फिरत होता?"

होन यांनी वर पाहिले.

"तुम्ही कचेरीत गेलाच नाहीत. तुम्ही शेटे यांना यंत्रापाशी गाठलेत. आत पेंडीत पाना पडला आहे, दादांच्या समोर पाती मोडली तर ठपका शेटे यांच्यावर येईल, असे काहीतरी सांगितलेत. ते काय होते, ते तुम्हीच सांगाल. खुर्ची न मिळालेला तो माणूस अध्यक्षांची लाज राखण्यासाठी यंत्रात उतरला. मग तुम्ही झाकण लावले, कडी घातली. आतल्या माणसाला बाहेरची कडी घालता येत नाही. आणि त्या कडीवर तुम्ही हाराची गाठ मारलीत, म्हणजे उद्घाटनापूर्वी तिला कोणी हात लावणार नाही. त्यांनी आतून पत्रा बडविला असेल. वर तुमचे भोंगे होते. भाषण लांबले आणि तितका वेळ ते अंधारात जिवंत होते."

भागूबाईने पदर तोंडात कोंबला.

होन गुडघ्यांवर खाली बसले. मग ते अध्यक्षांकडे पाहून म्हणाले, "ते ठोठावत होते. मला वाटलं, फटाके लवकर लावावेत."

पंकजाबाई सहादेवकडे वळल्या. "तार ओढल्याचा आणि काढल्याचा जबाब द्यावा लागेल. पण खून तू केलेला नाहीस. फाटकाशी तुझी बायको उभी आहे. घरी जा."

सहादेव उठला. तो दारापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच अध्यक्षांचा आवाज आला.

"ए, डोके. उद्यापासून येऊ नकोस. पोलिसांत जबाब देणारा माणूस मला कारखान्यात नको."

सहादेव वळला. "व्हय, दादा," एवढेच म्हणाला आणि बाहेर गेला.

"वाबळेसाहेब," पंकजाबाई म्हणाल्या, "तुम्हालाही ठाण्यात यावे लागेल. होन यांना व्यवस्थापकाची खुर्ची देण्याचा शब्द कोणी दिला होता, हे मला लिहून घ्यायचे आहे."

"शब्द?" अध्यक्षांनी उभे राहून उपरणे झटकले. "त्या खुर्चीवर आमचे मेहुणे बसायचे, हे मुंबईत महिन्यापूर्वीच ठरलंय. शेटेची बदली होणारच होती. ह्याचा काही संबंधच नव्हता."

होन यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच खरा शोक दिसला.

"बदली होणार होती?" ते म्हणाले. "दादा… मग मला का म्हणालात, रामहरी हटला की खुर्ची तुझी?"

"सगळ्यांनाच सांगावं लागतं रे," अध्यक्ष म्हणाले. "त्याशिवाय माणूस कामाला लागत नाही."

आणि ते निघाले. त्यांना वाट देण्यासाठी होन गुडघ्यांवरच बाजूला सरकले. अनेक वर्षांच्या सवयीने त्यांचे दोन्ही हात नमस्कारासाठी जुळले, आणि रंगनाथ हवालदाराने त्या जुळलेल्या हातांतच बेडी घातली.