रणजितचा वाटा

साताऱ्यात रविवारी सकाळी कुणाच्या घरी गेलात, तर चहाच्या आधी धुण्याचं पाणी दिसतं. यवतेश्वरचा घाट पळून आलेली माणसं अंगातली जर्सी काढतात, थोड्याशा पाण्यात खळबळतात आणि ते गढूळ, खारट पाणी साबण न लावता गॅलरीतल्या कुंडीत ओततात. कुंडीत राजगिरा असतो. दिसायला आपला भाजीचाच, पण मुळांना घामाची पारख शिकवलेला. धावताना शरीरातले कोणते क्षार गेले, स्नायूंची किती झीज झाली, हे घामातल्या खुणांवरून त्याला कळतं. मग दोन दिवसांत तो त्या मापाने पानं भरतो: तेवढीच प्रथिनं, तेवढेच क्षार, सूज ओसरवणारं तेवढंच द्रव्य. त्या पानांची चटणी भाकरीशी खाल्ली की मांड्या पुन्हा घाटाला तयार. लोक त्याला पारखी म्हणतात. ज्यांनी जन्मात तुळशीला पाणी घातलं नाही, ती माणसं पारखीला ‘आज जरा जास्तच पळालोय बरं का’ असं सांगताना शेजाऱ्यांनी ऐकलेली आहेत.

केतकी शिंगटेची पारखी मात्र बिघडली होती. कुंडी मांडीवर घेऊन ती रिक्षातून रोपकेंद्रावर आली. ही रोपं देणारा आणि त्यांच्या तक्रारी ऐकणारा झाकीर मुजावर तिथे बसतो. रोपांपेक्षा माणसांच्या तक्रारी जास्त असतात, हे तो कुणाला बोलून दाखवत नाही.

“झाकीरभाऊ, काहीतरी करा. जिना उतरताना कठडा धरावा लागतोय मला. आणि शर्यत महिन्यावर आलीय.”

“ऊन मिळतं का रोपाला, वहिनी?”

“माझ्यापेक्षा जास्त. पानं बघा ना कशी माजलीत.”

शर्यत म्हणजे दोन घाटांची. तिच्या नवऱ्याने, रणजितने, दिवाळीत दोघांची नावं हौसेने घातली होती. पुढे संक्रांतीच्या आसपास तो बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या कोसळला आणि गेला. धावणाऱ्या मंडळींना हे फार लागलं. घाटात गेला असता तर त्यांना कसंबसं समजलं असतं. बँकेत म्हणजे काय. केतकीने मात्र नाव मागे घेतलं नाही. त्याने ठरवलेल्या गोष्टींपैकी एवढी एकच व्हायची राहिली होती.

झाकीरने एक पान तोडून यंत्रात ठेवलं. पडद्यावर दोन रेघा उमटल्या.

“वहिनी, या पानात दोन माणसं आहेत.”

केतकीने पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली. “एकाच बादलीत खळबळायचो आम्ही दोघांच्या जर्सी.”

“एक माणूस, एक कुंडी. कुंडीवरच लिहिलंय.”

“रणजित म्हणायचा, दोन कुंड्या कशाला? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर घाम कुठला वेगळा राहतोय.”

“म्हणून घामाची चाचणी दोघांची करून घेतलीत आणि कुंडी एकच नेलीत. मला वाटलं, दादांना चटणी आवडत नसेल.”

“माझ्या वाटणीचीसुद्धा तोच खायचा. पण चाललं होतं की छान.”

“चालणारच. कमी पडलं की रोप वाढवून देतं. अडचण तिथेच झालीय.” झाकीरने वरच्या रेघेवर बोट ठेवलं. “ही दादांची. एव्हाना पुसट व्हायला हवी होती. ती चढत चाललीय.”

“त्याचा घाम कुठून येणार आता?”

“तुमचा आला की रोप धरून चालतं, दोघं पळायला गेले होते. त्याने नेहमी दोघांना एकत्रच पाहिलंय. तुम्हाला किती बरं वाटलं, ते पुढच्या वेळी तुमच्या घामातून कळतं. दादांकडून काहीच कळत नाही. मग ते समजतं, यांना अजून उतार नाही, वाटा वाढवा. दर आठवड्याला वाढवतंय. तुमच्या वाटणीचं बसायला पानात जागाच उरली नाही.”

“म्हणजे त्याच्या मते रणजित...”

“दमलेत. फार दमलेत.”

केतकीला हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी अडकलं. “घरी तर कधी कबूल केलं नाही त्याने.”

झाकीरने फळीवरची एक बाटली खाली घेतली. “मुळं धुवायचं द्रावण आहे. सगळं विसरतं रोप. मग एकट्या तुम्हाला शिकेल, शर्यतीपर्यंत पाय मोकळे होतील.”

तिने कुंडी टेबलावरून उचलून पुन्हा मांडीवर घेतली. झाकीरला उत्तर मिळालं.

“नाहीतर धावणं थांबवा. मग ते हळूहळू दोघांनाही विसरेल.”

“तिसरं काही असेल तर सांगा.”

तिसरं होतं, पण ते कुठल्या नियमात बसत नव्हतं. रणजितच्या चाचणीतल्या खुणा केंद्रात होत्या. त्यांवरून विसावलेल्या माणसाच्या घामासारखा द्रव बनवता येत होता. तिच्या पाण्यात त्याचे चार थेंब घातले, तर रोप समजलं असतं की दादा बरे झाले, आणि त्यांचा वाटा आखडता घेतला असता.

“खोटं सांगायचं त्याला,” केतकी म्हणाली.

“खोटं कुठे, वहिनी? विसावलेच आहेत की ते.” बोलून गेल्यावर झाकीरने उगीचच यंत्र पुसायला घेतलं.

रविवारी ती घाट चढली. निम्मा पळत, निम्मा गुडघ्यांवर हात टेकत. आपल्यापुढे दोन पावलं पळणारी पाठ दिसत नाही, याची सवय तिला अजून झाली नव्हती. वळण आलं की ती आपोआप आतल्या बाजूची जागा सोडायची. घरी आल्यावर तिने एकच जर्सी खळबळली, झाकीरने दिलेल्या कुपीतले चार थेंब त्या पाण्यात टाकले आणि पाणी कुंडीत ओतलं. ते मुरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग तिने फोन लावला.

“झाकीरभाऊ, घातलं पाणी. एक विचारायचं राहिलं. माणूस पुरता विसावला असं कळल्यावर हे रोप पुढे काय धरून चालतं?”



“खरं सांगू का, वहिनी? विसावला म्हणजे पुढच्या खेपेला तो अजून लांब जाणार, असं शिकवलंय आम्ही त्याला. त्या तयारीला लागतं ते.”

“म्हणजे पुढच्या रविवारी ते त्याची वाट बघणार.”

“वाट म्हणजे... हो. तसंच म्हणा.”

केतकीने ओल्या मातीवर बोट टेकवलं.

“आणि मी एकटीच परत आले, तर त्याला काय सांगायचं?”