हिवाळ्यात घातलेलं पाणी

वहिनींनी कंदाला बोट लावलं आणि बोट आतच गेलं. सडलेल्या केळ्यात जावं तसं.

"हा खून आहे," मावशी म्हणाल्या. "तुम्ही हसाल. पण मला दुसरा शब्द सापडत नाही."

वहिनी हसल्या नाहीत. पूर्वी त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. चुका हेरायची सवय कागदावरून माणसांवर कधी गेली ते त्यांनाही कळलं नाही. आता लोक आपल्या भानगडी घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि त्या छडा लावायच्या. सोबत त्यांचे धाकटे दीर असायचे, बँकेतून निवृत्त झालेले. ते त्यांना वहिनी म्हणायचे, त्या त्यांना भाऊजी, आणि हळूहळू सगळं गावच त्यांना याच नावांनी हाक मारू लागलं होतं.

मावशींचंही तसंच. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या या बाई खऱ्या मावशी एकाच मुलाच्या. पण सारी गल्ली त्यांना मावशी म्हणे.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," भाऊजी म्हणाले. "पाणी घातल्यानं झाड मरतं कसं?"

"हे ऑर्किड हिवाळ्यात झोपतं," मावशी सांगू लागल्या, आणि काचघराचा वर्ग झाला. "पानं गळतात, मुळं वाळतात. उरतो तो नुसता कंद. वर्षभराची शिदोरी त्यातच. मुळंच नाहीत, मग पाणी पिणार कोण? ते साचतं आणि कंद कुजतो. वसंतात नवा कोंब येतो, नवी मुळं खाली उतरतात, त्यानंतर पाणी. तोवर थेंबही नाही."

कडेच्या फळीवर तशा कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. वाळक्या शेवाळात रोवलेले बोडके, राखाडी कंद. पाहणाऱ्याला वाटावं, सगळेच मेले आहेत.

"आणि हे कुठलं होतं?"

"हे माझ्या नवऱ्यानं केलं. दोन जातींचा संकर करून बी रुजवलं, आणि पहिलं फूल यायच्या आत तो गेला. फूल जवळजवळ काळं. असं रोप दुसरं नाही. लोक कंद कापून रोपं वाढवतात. मी याला कधी सुरी लावली नाही."

वहिनींनी बोट नाकाशी नेलं, मग कुंडी भाऊजींपुढे धरली. "वास घ्या."

"कुजका."

"त्याच्या खाली?"

भाऊजींनी नाक मुरडून पुन्हा वास घेतला. "गोडसर काहीतरी. दालचिनी?"

वहिनींनी कंद उलटा केला. एका बाजूनं तो सरळ कापलेला होता. कापावर तपकिरी पूड चिकटली होती. त्यांनी तो परत ठेवला. कुंडीच्या काठावर निळसर हिरवं कडं उमटलं होतं.

"हे काय?"

"खताचा रंग. उन्हाळ्यातलं असेल. हिवाळा लागला की खत मी माझ्या कपाटात कुलूपबंद करते. झोपलेल्याला कुणी जेवण भरवत नाही."

वहिनींनी त्या कड्यावरून अंगठा फिरवला. अंगठा ओला झाला आणि रंगला.

बैठकीत मावशींनी स्वतः चहा आणला. "साखर घेता ना?" त्यांनी भाऊजींना विचारलं. भाऊजी हो म्हणाले. चहा ओतताना मावशींच्या करड्या स्वेटरच्या बाहीवर निळसर डाग दिसला. शाई असेल, भाऊजींना वाटलं. शिक्षकाची बाही कधी कोरी नसते.

"काचघराची किल्ली माझ्या गळ्यात असते," मावशी म्हणाल्या. "पण गेल्या वर्षी कुलूप बिघडलं ते माझ्या भाच्यानं दुरुस्त केलं. दुसरी किल्ली त्यानंच केली असणार. त्याला ती जागा फ्रिज दुरुस्तीच्या कामाला हवी होती, एकदा बोलूनही दाखवलं त्यानं. आई गेल्यापासून मी वाढवलं त्याला." त्या थांबल्या. "या रविवारी घर सोड म्हणून सांगितलंय. त्याआधी मला पुरावा हवा. उगाच कुणावर अन्याय नको." मग कप पुढे सरकवत भाऊजींना म्हणाल्या, "साखर घेता ना तुम्ही?"

पाहुणचार असावा तर असा, असं मनात म्हणत भाऊजी पुन्हा हो म्हणाले आणि तो गोडमिट्ट चहा त्यांनी निमूट संपवला.

स्वयंपाकाच्या काकू ओट्याशी होत्या. "काचघरात मी पाऊल टाकत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "तिकडे धक्का लागला की घरात आठवडाभर गडगडाट."

"दिवसभर इथेच असता?"

"हल्ली असते. पूर्वी स्वयंपाक उरकला की जायची. आता दूध मीच तापवते, मीच उतरवते, आणि जाताना गॅसची मुख्य कळ बंद करून जाते."

"का बरं?"

काकूंनी फडकं पिळलं. "वय झालं की दोन हात जास्त लागतात घराला."

"भाच्यावर आळ आलाय, माहीत आहे ना?"

"माझ्यासमोरच झालं. मावशी वाट्टेल ते बोलल्या. पोरगा मान खाली घालून उभा. एरवी फटकळ आहे हो तो, कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी तोंडातून अवाक्षर नाही."

शेजारचे दंतवैद्य आपल्या व्हरांड्यात बसले होते, पुढ्यात त्यांची स्वतःची ऑर्किडं. पात्यानं कंदांची जोडी वेगळी करून ते कापावर ब्रशनं तपकिरी पूड लावत होते.

"दालचिनी," भाऊजींच्या नाकाकडे बघत ते म्हणाले. "दात काढल्यावर जखम सांभाळावी लागते, तसंच हे. बुरशी धरत नाही."

"त्या काळ्या फुलाच्या कंदाचा तुकडा तुम्ही मागितला होता म्हणे," वहिनींनी विचारलं.

"मागितला, मिळाला नाही, रुसलो. म्हणजे बाई, संशयितांत मी आहेच. पण मी ते झाड पळवलं असतं, मारलं नसतं."

"तुम्ही कुणाला कंद देता?"

"मागेल त्याला. नुकताच एक दिला."

"कुणाला?"

"कुणाचे दात खोटे आणि कुणी कंद नेला, हे मी सांगत नाही." ते हसले, पण हसू फार टिकलं नाही. "मावशी कशा आहेत?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. दवाखान्याच्या खोलीबाहेर विचारतात तसं.

भाचा घरामागच्या खोलीत होता. उघडे फ्रिज, तांब्याच्या नळ्या, स्क्रूंचे डबे. भाऊजींचं डोकं वरून टांगलेल्या एका कागदी पिशवीला लागलं. पिशवीला सुईनं भोकं पाडली होती.

"हे काय टांगलंयस?"

"कांदे," तो म्हणाला.

"इथे?"

"स्वयंपाकघरात दमट होतं."

वहिनी स्टुलावर टेकल्या. "दुसरी किल्ली केलीस?"

"केली."

"पाणी तू घातलंस?"

त्यानं पान्हा खाली ठेवला. "मावशी म्हणते ना तसं."

"मी तुला विचारतेय."

"ती म्हणते तेच धरून चाला. रविवारी मी जातोच आहे."

परतताना भाऊजी म्हणाले, "कबूलच केलं की त्यानं."

"'नाही' म्हणाला नाही एवढंच, भाऊजी. हो कुठे म्हणाला?" वहिनी म्हणाल्या. "काय झालं ते मला कळलंय. सांगावं की नाही तेवढं कळत नाही."

"सत्य शोधायलाच बोलावलंय ना त्यांनी?"

"सत्य शोधणाऱ्याचं काय जातं? ते घेऊन राहायचं असतं दुसऱ्यानं." कोपऱ्यावर त्या थांबल्या. "पण गप्प बसले तर रविवारी त्या बाईंच्या जवळचं एकमेव माणूस जाईल. आणि हे बघा, पुरावा मागणारी बाई आहे ती. तिला फसवणं मला जमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत सगळे जमले. तशी मावशींचीच इच्छा होती. वहिनी त्यांच्या शेजारी, अगदी जवळ बसल्या.

"मावशी, तुमचं झाड मेलेलं नाही."

मावशींनी काचघराच्या दिशेनं पाहिलं.

"कुजलेला कंद एका बाजूनं कापलेला होता आणि कापावर दालचिनी होती. तुम्ही तुमच्या झाडाला कधी सुरी लावली नाहीत. म्हणजे कुंडीत होता तो दुसराच कंद. पानं नसताना सगळे सारखे दिसतात, म्हणून अदलाबदल खपली. दालचिनी लावतात डॉक्टर, आणि त्यांनी नुकताच एक कंद कुणाला तरी दिलाय."

दंतवैद्यांनी चष्मा काढला आणि मान हलवली.

"मग खरा कंद कुठे? ज्या माणसाकडे दुसरी किल्ली आहे, त्याच्या खोलीत एक पिशवी टांगलीय. कांद्यांसाठी कुणी कागदाला सुईनं भोकं पाडत बसत नाही. कोरड्या, हवेशीर जागी झोपलेला कंद मात्र असाच ठेवतात."

"चोरलं," मावशी पुटपुटल्या. "चोरलं आणि वर—"

"चोर एवढी निगा राखत नाही. त्यानं ते लपवलं. पाण्यापासून लपवलं."

"वहिनी, पुरे," भाचा उठला. "पाणी मी घातलं. झालं?"

"बस खाली. खरं झाड सुखरूप नेल्यावर खोट्याला पाणी घालायचं तुला कारण काय?" वहिनींचा आवाज चढला नाही. "आणि ते नुसतं पाणी नव्हतं. त्यात खत होतं. कुंडीचा काठ ओला निळा होता. मारायला आलेला माणूस खत घालत नाही. ज्यानं घातलं, त्यानं मायेनं घातलं. त्याला वाटत होतं उन्हाळा आहे, झाड वाढतंय, भुकेलं आहे."

मावशी त्यांच्याकडे बघत होत्या. वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला आणि स्वेटरची बाही हलकेच वळवली. डाग अजून तिथेच होता.

"खत तुमच्या कपाटात असतं, मावशी. काल तुम्ही भाऊजींना साखरेचं दोनदा विचारलंत. गॅसची कळ काकू बंद करून जातात. डॉक्टर तुमची चौकशी कुजबुजत करतात. या घरात सगळ्यांना माहीत आहे. फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. भाऊजी आपल्या बुटांकडे बघत राहिले. त्यांना तो गोड चहा आठवत होता.

मावशींनी भाच्याला विचारलं, "कधीपासून?"

"दिवाणखान्यातलं घड्याळ तू फ्रिजमध्ये ठेवलंस तेव्हापासून." तो जमिनीकडे बघत होता. "आधी दुसऱ्या दोन कुंड्या कुजल्या. त्या मी बदलल्या, तुला कळलं नाही. मग भीती वाटली, आता काकांच्या झाडाची पाळी. म्हणून."

"आणि मी तुला घराबाहेर काढत होते. तू तोंड उघडलं नाहीस."

"तूच सांगितलं होतंस. आजीचं डोकं गेलं तेव्हा. म्हणालीस, माझं असं झालं तर मला कळू देऊ नकोस."

मावशींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते कोरडे होते. "तेव्हा मी तरुण होते. तरुणपणी माणूस काहीही म्हणतं." त्या वहिनींकडे वळल्या. "तुमचा राग येतोय मला. उद्या हे मला आठवेल का?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग आजच ठरवू. हा कुठेही जायचा नाही. काकू, तुम्ही साक्षीदार. उद्या मी याला जा म्हणाले, तर मला गप्प बसवा." मग भाच्याला, "माझ्यासाठी डॉक्टर शोध. हे दातांचे नकोत."

दंतवैद्य हसले आणि त्यांना डोळे पुसावे लागले.

वसंत उलटत आला तेव्हा भाचा वहिनींकडे येऊन सगळं सांगून गेला. औषधं सुरू होती. गेलेलं परत येत नव्हतं, पण जाणं सावकाश झालं होतं. काचघराचं पाणी आता दोघं मिळून बघत. महिना कोणता, वार कोणता, मावशींना सांगता येत नसे. तो रोज सकाळी काळ्या फुलाची कुंडी त्यांच्या हातात द्यायचा. त्या कंद चाचपायच्या, कोंबाखालची मुळं बोटानं मोजायच्या, आणि म्हणायच्या, "अजून नाही."

"काल मात्र बराच वेळ कुंडी सोडेचना," तो म्हणाला. "मला वाटलं, विसरली कुठे आहे ते. मग म्हणाली, झारी आण."