तालमीतलं शेवटचं वाक्य

वायरमनबाई दारात आली तेव्हा भावोजी शब्दकोडं सोडवत होते. म्हणजे शब्द वहिनी सांगत होत्या आणि भावोजी ते सुबक अक्षरात चौकोनात भरत होते.

भावोजी निवृत्त चित्रकला शिक्षक. समोरच्या माणसाची मिशी ते केसागणिक काढून दाखवत, पण मिशीमागचा माणूस खोटं बोलतोय हे त्यांना घरी आल्यावर वहिनींकडून कळायचं. वहिनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको, खासगी चौकशीची कामं करत. गाव त्यांना चौकशीबाई म्हणायचं, आणि काम पडलं की आवाज खाली आणून म्हणायचं.

वायरमनबाई खुर्चीच्या टोकावर बसली. घरांचं वायरिंग करणारी गावातली ती एकटीच बाई. संध्याकाळी फावल्या वेळात ती नाट्यमंडळाचे दिवे सांभाळायची.

"आज संध्याकाळी मंडळाची बैठक आहे," ती म्हणाली. "मला काढणार आहेत. काढू देत. पण उद्या गावभर होईल की हिने लाइटच्या बोर्डावर पाणी सांडलं. मग घरातल्या वायरिंगला मला हात कोण लावू देईल? माझं पोट त्यावर आहे, ताई."

"सांडलंत का?"

"नाही. वर दिव्यांच्या केबिनमध्ये मी पाणी नेतच नाही. बाटली खाली हॉलमध्ये ठेवली होती, शेवटच्या रांगेत. सापडली ती बोर्डावर आडवी. झाकण बाजूला."

"झाकण कसलं?"

"फिरकीचं."

"म्हणजे कुणीतरी फिरवलं," वहिनी म्हणाल्या. भावोजींनी मान डोलावली, जणू तेही हेच म्हणणार होते.

हकीकत अशी. हंगामातल्या शेवटच्या नाटकाची काल रंगीत तालीम होती, प्रयोग उद्या. एक केबल खराब निघाली म्हणून तालीम स्टेजवरच्या साध्या ट्यूबलाइटवर उरकली. हॉलमध्ये अंधार. वायरमनबाई मागच्या अंगणात केबल जोडत बसली होती. शेवटच्या प्रवेशात मंडळाचे सगळ्यात जुने नट आबा एकटेच असतात, म्हणून बाकीच्या नटांना चहाला सोडलं होतं आणि ते सगळे तिच्या डोळ्यांसमोर अंगणात होते. तालीम संपल्यावर ती केबल घेऊन वर गेली, तर बोर्डातून पाणी गळत होतं. तिच्या ओरडण्याने सगळे धावत आले.

"आत कोण कोण होतं?"

"स्टेजवर आबा. एका विंगेत प्रॉम्प्टिंगला काकू, आबांची बायको. दुसऱ्या विंगेत आबांचा भाचा. आबांना काही झालं तर ते काम तो करणार. आणि हॉलमध्ये दिग्दर्शक."

दिग्दर्शक हॉलमध्येच भेटले. भरदार, पिकल्या दाढीचे गृहस्थ. वरच्या काचबंद केबिनचा लाकडी जिना शेवटच्या रांगेच्या पाठीलाच सुरू होत होता.

"मी कायम इथे मागेच बसतो," ते म्हणाले. "आबांचा आवाज इथवर आला की नाटक पोचलं. त्यांनीच मला या स्टेजवर उभं केलं. काल शेवटपर्यंत इथे होतो. आबा शेवटच्या वाक्याशी थांबले आणि मी उठलो."

"थांबले म्हणजे विसरले?" भावोजींनी साळसूदपणे विचारलं.

"आबा विसरत नाहीत." दिग्दर्शकांचा आवाज एकदम चढला. मग ते सावरून हसले. "आमची रीत आहे ती. शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही. ते प्रयोगासाठी राखून ठेवायचं."

"कुठलं वाक्य?"

"तिकीट काढा, कळेल. पण आता पुढच्याच वर्षी."

"भाड्याने बोर्ड मिळत नाही?" वहिनींनी विचारलं.

"मिळतो. पण घाई कशाला?"

भाचा मेकअपच्या खोलीत आरशाकडे पाठ करून बसला होता. हात थरथरत होते. भावोजींनी ते लगेच टिपलं आणि मनात त्याच्या नावापुढे फुली मारली.

"मला ठाऊक आहे तुम्ही काय विचारणार," तो म्हणाला. "मामांचं काम मला हवंय का? हवंय. पण दिवेच नसतील तर मला काय मिळणार, अंधार?"

"काल कुठे होतात?"

"विंगेत. मामांचं शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि पाय जागचे हलेनात. हे आपल्याला या जन्मी जमायचं नाही असं वाटलं. तेवढ्यात वरून आरडाओरडा झाला."

"मंडळात कधीपासून आहात?"

"याच हंगामात आलो. आधी परगावी नोकरी होती."

काकू घरी भेटल्या. त्यांच्या हातात कोमट पाण्याचा पेला होता आणि आवाज फुटत नव्हता. "घसा बसलाय," त्या म्हणाल्या. "रोजच्या तालमी."

"कालही फार सांगावं लागलं?"

"काल एक शब्दसुद्धा नाही. पुस्तक मिटून ठेव म्हणाले." काकूंनी पदराने डोळे टिपले.

आबा झोपाळ्यावर बसले होते. उंच, ताठ, अजून देखणे. त्यांनी भावोजींना चहा घेतलात का म्हणून विचारलं. चहा आला, पिऊन झाला. आबांनी पुन्हा विचारलं, चहा घेतलात का? निघताना दारात पुन्हा तेच.

"केवढं अगत्य!" रस्त्यावर आल्यावर भावोजी म्हणाले. "अशी माणसं आता राहिली नाहीत. बरं, वहिनी, भाचाच ना? हात पाहिलेत त्याचे?"

वहिनी चालतच राहिल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्या थांबल्या.

"करणारा सापडला, भावोजी. पण धरवत नाहीये. तोंड उघडावं तर एका म्हाताऱ्या माणसाचं झाकलेलं उघडं पडतं. गप्प बसावं तर त्या पोरीच्या पोटावर पाय येतो." त्यांनी उसासा टाकला. "पोरीचं पोट आधी."

बैठकीआधी त्यांनी फक्त पाच जणांना स्टेजवर बोलावलं. दिग्दर्शक नाटकातल्या पलंगावर बसले, आबा आणि काकू खुर्च्यांवर. भाचा आणि वायरमनबाई उभे राहिले. भावोजी भाच्याच्या मागे सावधपणे उभे होते, पळालाच तर धरायला.

"बाटली शेवटच्या रांगेत होती," वहिनींनी सुरुवात केली. "अंधारात ती सापडणार कुणाला? शेजारी बसलेल्याला. जिनाही तिथूनच. पण हे नुसतं बोट दाखवणं झालं. दिग्दर्शक म्हणतात, मी शेवटपर्यंत खाली होतो, आबा शेवटच्या वाक्याशी थांबले. तुमच्या मंडळात हे इतकं ठरलेलं आहे की न ऐकताही कुणी खुशाल सांगावं."

"मग?" दिग्दर्शक म्हणाले.

"मग काल आबा थांबलेच नाहीत. त्यांनी ते वाक्य म्हटलं."

भावोजींनी हळूच भाच्याचा पिच्छा सोडला.

"यानं ऐकलं," वहिनी भाच्याकडे वळल्या. "हा नवा आहे. ते म्हणायचं नसतं हे त्याच्या मनात ठसलेलं नाही, म्हणून तो सहज बोलून गेला. खोटं बोलायचं असतं तर त्यानंही रीतच सांगितली असती. काकूंनीही ऐकलं, आणि डोळे टिपले. ऐकलं नाही ते फक्त तुम्ही. कारण तुम्ही वर काचेआड होतात."

दिग्दर्शकांनी दाढीवरून हात फिरवला. "हो," ते म्हणाले. "पाणी मी ओतलं."

"का, ते मी सांगणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"मी सांगतो," आबा म्हणाले. "माझ्यासाठी. मला आठवत नाही हल्ली. हिचा घसा माझ्यापायी बसला. उद्या भरल्या हॉलसमोर माझी फजिती झाली असती, ती यानं टाळली. होय ना रे?"

"परवा तुम्ही मधेच थांबून माझ्याकडे बघत राहिलात, आबा." दिग्दर्शक म्हणाले. "काल तो प्रवेश मला खाली बसून ऐकवेना. वाटलं, प्रयोगच नको. कुणाचं नाव येईल हे डोक्यातच आलं नाही. हाताला लागली ती बाटली घेतली."

"आणि माझं नाव आल्यावर?" वायरमनबाईने विचारलं. तिने आवाज चढवला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

"तेव्हा गप्प बसलो," दिग्दर्शक म्हणाले. "ते पाण्यापेक्षा वाईट. आता बैठकीत सगळ्यांसमोर मी सांगतो. गावात दारोदार जाऊन सांगावं लागलं तरी सांगेन."

"बैठकीत सांगा, तेवढं पुरे," ती म्हणाली. "आणि बोर्ड भाड्याने मागवा. केबल मी जोडली आहे."

भाच्याने आबांकडे पाहिलं. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या माझ्या जागी तू उभं राहायचंस. मी हे कालच ठरवलं होतं. म्हणून तर पुस्तक मिटायला लावलं आणि तालीम पुरी केली. नंतर यालाच पहिलं सांगणार होतो." ते दिग्दर्शकांकडे वळले. "निरोपच घेत होतो रे मी. शेवटच्या रांगेकडे बघून म्हटलं. अंधारात मला वाटलं, तू आहेस."

दिग्दर्शक उठून त्यांच्या पायाशी फळीवर बसले. एवढा भरदार माणूस, पण रडताना लहान दिसला.

"आबा, एकदा म्हणा," ते म्हणाले. "फक्त माझ्यासाठी."

आबा उभे राहिले. मान वर केली, श्वास घेतला, हात जरासा पुढे केला. ओठ उघडले आणि तसेच राहिले. विंगेत सवयीने जाऊन उभ्या राहिलेल्या काकूंना ते वाक्य पाठ होतं. त्यांनी तोंडावर पदर धरला.

"गेलं रे," आबा म्हणाले आणि हात खाली घेतला.

भावोजींना या वेळी कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.