रिकाम्या पाळण्याला पाय

स्थलांतरितांच्या चाळीचं ते संग्रहालय सहाला बंद होतं. मग दारावरचा म्हातारा लेव झुकरमन जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकतो आणि लोकांना खोल्या दाखवणाऱ्या नव्या पोरापोरींना अडवून धरतो. त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्याची खोली राखेलच्या वाट्याला आली होती.

"लेवमामा, भुताचं असेल तर लवकर आटपा. माझी गाडी चुकेल."

"भुताचं नाही गं. माझ्या बहिणीच्या सुनेचं."

सगळे बसले.

तेरा नोव्हेंबर, गुरुवार. पावणेसहालाच मॅनहॅटनमध्ये मिट्ट अंधार झालेला. मिंडल, म्हणजे लेवच्या बहिणीची सून, आली ती पोटाशी झोळीत आठ महिन्यांचा हेर्शल आणि हातात बिडाची जुनी इस्त्री घेऊन. इस्त्री नवऱ्याच्या खापरपणजोबांची, फेव्हलची. याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावर तो कोट शिवायचा. घरात त्याचं नाव निघालं की आवाज खाली यायचे. पोराच्या रडण्यानं काम अडतं म्हणून त्यानं एकदा बायकोवर तापलेली इस्त्री उगारली होती. पुढे त्या पोराचं काय झालं, ते कुणी सांगत नसे.

संग्रहालयानं इस्त्री मागितली होती. सासूचं म्हणणं, दे, पण दृष्ट लागू नये म्हणून पोराच्या मनगटाला लाल दोरा बांधून जा. मिंडल शिकलेली. दोऱ्यानं भागत असेल तर लस कशाला टोचायची, असं सासूला ऐकवून तिनं दोरा पर्समध्ये टाकला. मग स्टेशन येईपर्यंत, बांधला असता तर काय बिघडलं असतं, म्हणून स्वतःलाच टोचत राहिली.

लेव तळमजल्याच्या खिडक्या लावत होता. "शेगडीवर ठेव आणि ये. दोन मिनिटांचं काम," तो म्हणाला. ती एकटीच वर गेली.

खोलीत शिवणयंत्र, गार शेगडी, आणि जमिनीवर ठेवून पायानं डोलवायचा लाकडी पाळणा. तिनं इस्त्री ठेवली. हेर्शल कुरकुरला. ती त्याची पाठ थोपटत उभी राहिली आणि रोजच्या सवयीनं तिचा पाय पाळण्याच्या कडेवर गेला. चार झोके. पाच. मग तिच्या लक्षात आलं. रिकामा पाळणा त्यांच्या ज्यू लोकांत कुणी हलवत नाही, पोराच्या जिवावर येतं म्हणतात. शिकलेलेही नाहीत.

तिनं पाय काढला.

पाळणा थांबला नाही…

मागे दार लागलं. शिवणयंत्र सुरू झालं. हेर्शल किंचाळला आणि तिच्या मानेपाशी कुणीतरी खोकलं.

"गप्प कर त्याला."

ती दाराकडे धावली. केसांना धरून तिला मागे ओढलं. बरगडीत गुद्दा. दुसरा. मनगट पिरगाळलं गेलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. झोळीचा पट्टा सुटला. हेर्शल घसरला… थेट पाळण्यात.

"मी करतो गप्प."

ओल्या लोकरीवर तापली इस्त्री टेकवल्याचा वास आला. शेगडी रिकामी होती.

ती पाळण्यावर पालथी पडली. डोळे मिटले.

घाव आला. हाड फुटलं. तिचं नव्हे.

तिच्या पाठीवर कुणीतरी पडलं होतं. जड. ऊबदार. बाईचं अंग. दुसरा घाव. तिसरा. प्रत्येक घावासरशी ते अंग उसळायचं आणि पुन्हा तिला घट्ट झाकायचं. सहावा. सातवा. कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं…

मग घेईना.

दणके ऐकून लेव वर धावला. दार ढकलताच उघडलं. मिंडल पाळण्यावर ओणवी, मनगट मोडलेलं. पण त्यापलीकडे मायलेकरांच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. रक्ताचा थेंब नव्हता. इस्त्री शेगडीवर, गार. हेर्शल जागा होता, मूठ चोखत होता. मनगटाला लाल दोरा.

"मला वाटलं, तिनं बांधला," लेव म्हणाला. "तिला वाटलं, मी."

राखेल गाडीचं विसरली होती. "पर्समधला असेल, मामा."

"तो पर्समध्येच होता. हा शिंप्याचा दोरा होता. तीन गाठी मारलेला."

लेव कठड्याला धरून पायरीवरून उठला.

"दवाखान्यात नर्सनं तो कापायच्या आधी ओल्या कापसानं पुसला. कापूस लाल झाला… दोरा पांढरा होता."