बिनखिळ्याचं घर

हिमानीने आयुष्यात पहिल्यांदा ज्या तुळईवर जीव टाकला, ती आतून पोकळ निघाली. आणि हे तिला सांगणारा माणूस वर आणखी हसत होता, ते जास्त लागलं.

नागपुरात, लकडगंजातल्या एका वखारीत, डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात, ती जुन्या सागवानावर हात फिरवत उभी होती. मधासारखा रंग, सरळ रेषा... "हीच द्या," ती मालकाला म्हणाली.

"नका घेऊ, मॅडम."

मागे एक तरुण उभा होता. केसांत भुसा, कानावर पेन्सिल. त्याने बोटांच्या पेरांनी तुळईवर दोनदा ठोकलं. "ऐका... बोलून राहिली ती. पोटात वाळवी आहे म्हणते."

"तुम्हाला लाकडाची भाषा येते?"

"लाकडाची येते. तुमची थोडी कठीण वाटून राहिली."

वखारवाल्याने त्याला डोळ्यांनीच हाकललं, पण हिमानी तोवर हसली होती. आणि मुलगी एकदा हसली की पुढचं कोणाच्या हातात राहत नाही.

तो दुर्गेश, उमरेडच्या पुढच्या एका गावातल्या रुपराव सुतारांचा मुलगा. ती साताऱ्याची, रामदासपेठेतल्या एका आर्किटेक्टकडे नुकतीच लागलेली. भैय्याजी नावाच्या व्यापाऱ्याची जंगलाकाठी शेती होती. शहराला विटलेल्या माणसांनी चार दिवस येऊन राहावं म्हणून तिथे त्यांना आठ लाकडी कुटी बांधायच्या होत्या. आराखडा हिमानीचा. एकही झाड पाडायचं नाही, ही तिची अट. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या छपरांतलं सागवान वापरायचं, बांबू गावचा घ्यायचा, आणि घरं दगडी पायांवर उचलायची, म्हणजे पावसाचं पाणी खालून आपल्या वाटेने जाईल. सुतारकाम तिने दुर्गेशला द्यायचं ठरवलं. त्याने कागद उलटसुलट पाहिले आणि आपलीही एक अट घातली.

"खिळा नाई मारायचा. जुन्या लाकडाले आधीच लय भोकं असतात."

पहिली कुटी मोहाच्या झाडाखाली उभी राहू लागली. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत शिरणारं कुसू. दोन्ही अशी बसली पाहिजेत की मधून दोरा जाऊ नये. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या.

"दाबा."

"किती?"

"हळू... हां. आता बसून राहिलं."

"बसून राहिलं, पाहून राहिलो, करून राहिलो!" हिमानी खळखळून हसली. "किती राहता हो तुम्ही! 'बसतंय' म्हणावं, 'पाहतोय' म्हणावं."

"काहून? तुमाले समजत नाई का?"

"मला समजतं. साताऱ्यात लोक हसतील ना!"

"साताऱ्यात मी काहून येईन?"

हिमानीने जीभ चावली. तो मान खाली घालून रंधा ओढू लागला, पण त्याचे कान लाल झाले होते... आणि रंधा उलटा धरलेला होता.

त्या दिवसापासून गड्याने आपल्या बोलण्यातलं 'राहिलो' तासून काढायला घेतलं. धड 'जेवतोय' जमेना, म्हणून नुसतंच छाटायचा. ताट अर्धं भरलेलं असताना म्हणायचा, "मी जेवलो." पायऱ्या उतरता उतरता म्हणायचा, "मी पोचलो." हाताखालची माणसं खुसखुसत. हिमानी तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसे. प्रेमात पडलेल्या पुरुषाचं सगळं शहाणपण असंच वाया जातं!

मार्चात मोहाची फुलं टपटप गळू लागली. सकाळी सगळ्या रानाला गोडसर, जड वास यायचा. अशाच एका सकाळी दुर्गेश ओट्यावर बसून बराच वेळ पटाशीला धार लावत राहिला.

"रविवारी... मुलगी पाहाले जायचं आहे. बाबानं ठरवलं."

हिमानीच्या हातातला कागद तसाच राहिला. "मग?"

"तुमी नको म्हणाल तं नाई जात."

"मी... मला बाबांना विचारावं लागेल, दुर्गेश."

"विचारा. मी फोन करून सतावणार नाई. तुमच्या बाबाले वाटाले नको का पोरगा मागं लागला. तुमी सांगाल तेच खरं."

तिने हात पुढे करून त्याच्या केसांतला भुसा झटकला. इतक्या महिन्यांत तिने त्याला पहिल्यांदा हात लावला होता.

साताऱ्याला ती त्याच रात्रीच्या गाडीने निघाली. आई नव्हती, घरात बँकेतून निवृत्त झालेले वडील एकटेच. सुताराचा मुलगा म्हटल्यावर त्यांनी तीन दिवस तोंड उघडलं नाही. तिसरा दिवस रविवारचा होता. तो हिमानीने उपाशीच काढला. चौथ्या दिवशी सकाळी मेथी निवडता निवडता ते म्हणाले, "बोलाव एकदा त्याला. खिळ्याशिवाय घर उभं करतो म्हणतेस... माणूस धीराचा असणार."

हिमानी त्यांच्या गळ्यात पडली. फोन घ्यायला धावली. फोनवर दुर्गेशचा निरोप येऊन पडलेला होता. दोनच शब्द.

"मी थांबलो."

तिने ते पुन्हा वाचले. थांबलो... म्हणजे संपलं. मुलगी पाहून आला असेल, आवडली असेल. चार दिवससुद्धा दम निघाला नाही! मघाशी धीराचा म्हणून ज्याचं कौतुक झालं, तो हा!

अगं वेडे, एक फोन करायचा होतास. ताटात भाजी असताना 'जेवलो' म्हणणारा हा माणूस, एवढं तरी आठवायचं होतंस. पण दुखावलेल्या माणसाला व्याकरण कुठलं सुचायला? तिने लिहिलं, "ठीक आहे." रामदासपेठेतली नोकरी मेलवरच सोडली, आणि पुण्यात दुसरी धरली. वडिलांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "जमलं नाही."

पावणेदोन वर्षांनी मिहानमधल्या एका कामासाठी ती नागपुरात उतरली. दुपार मोकळी होती. जायचं नाही, जायचं नाही असं स्वतःला बजावत तिने उमरेडकडे जाणारी टॅक्सी केली.

आठ कुटी उभ्या होत्या. त्यांतल्या सात सिमेंटच्या. भैय्याजींना घाई झाली होती. वरून लाकडाच्या रेषा रंगवल्या होत्या, अगदी गाठींसकट. मोहाखालची एकच खरी. तिच्या ओट्यावर बसून दुर्गेश खांबाला तेल चोळत होता. कानशिलावर दोन-चार केस पांढरे झाले होते.

"या," तो म्हणाला. जणू काल भेटले होते.

"एकटीलाच अजून तेल लावता?"

"बाकीच्याइले रंग पुरते." त्याने तेलाचं फडकं खाली ठेवलं. "लय वाट पाहिली तुमची."

"माझी?" हिमानीचा आवाज चढला. "तुम्हीच लिहिलंत ना, थांबलो म्हणून!"

"हाव. थांबूनच तं राहिलो होतो." त्याला तिचा राग कळेना. "रविवारी गेलो नाई मुलगी पाहाले. बाबाशी भांडलो. तेच कळवलं तुमाले... थांबून राहिलो म्हणून. तुमचं 'ठीक आहे' आलं. म्हटलं, बाबाले समजावून राहिल्या असतील. फोन करायचा नाई असं कबूल केलं होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली..."

हिमानी पायरीवर बसली. तो थांबला होता. महिनोन् महिने. आणि ती पुण्यात बसून त्याला बेइमान म्हणत होती. छातीत असं काही तुटलं की तिला वाटलं, त्याला ऐकू गेलं असेल.

"अहो..." पाऊलवाटेवरून हाक आली. हिरव्या लुगड्यातली एक तरुण बाई, हातात डबा, चालणं जरा जपून. दिवस गेलेले दिसत होते. "पाहुण्या आल्या का? जेवाले थांबवा त्याइले!"

"कामिनी," दुर्गेश हळूच म्हणाला. "यंदाच्या वैशाखात लग्न झालं आमचं." मग डबा यायच्या आत, घाईघाईने, जमिनीकडे पाहत त्याने विचारलं, "एकच सांगा. तुमच्या बाबानं काय म्हटलं होतं?"

हिमानीने कामिनीकडे पाहिलं. ती वाटेत थांबून, कमरेवर हात ठेवून दम खात होती.

"नाही म्हणाले."

"एकदमच?"

"एकदमच. मी जिवंत असेपर्यंत नाही, म्हणाले. मला सांगायचा धीर झाला नाही, दुर्गेश. माफ करा."

त्याने डोळे मिटून लांब श्वास सोडला. पावणेदोन वर्षं छातीत धरलेला असावा. चेहरा सैल पडला, आणि हळूहळू त्यावर हसू आलं.

"मंग होणारच नव्हतं," तो म्हणाला. "मी आपला जिवाले खाऊन राहिलो होतो, का माह्याच हातून काही चुकलं."

"तुमचं काही चुकलं नाही," हिमानी म्हणाली. एवढं मात्र खरं होतं.

"आण वं इकडे," त्याने बायकोला मोकळ्या आवाजात हाक मारली आणि उठून तिच्या हातातलं ओझं घेतलं. कामिनी पदराने घाम पुसत ओट्यावर टेकली. तिने डबा उघडला, आणि हिमानी पाहुणी म्हणून तिला सगळ्यांच्या आधी वाढलं.