घारपंख का पळाला?

"पळाला! सरळ पाठ फिरवून पळाला!" भिंगरीनं पुस्तक धाडकन मिटलं.

"अगं ए! शेवट का सांगितलास?" तिच्या खांद्यावरून वाचणारा शेपूट कळवळला. "मी अजून आगीपर्यंतच पोचलोय!"

सुट्टीतली दुपार. वाचनालयाच्या बालविभागात तिघंच होते. एका जागी कधीच न बसणारी म्हणून 'भिंगरी', सतत तिच्या मागे म्हणून तिचा धाकटा भाऊ 'शेपूट', आणि जाड चष्म्याचा 'बॅटरी', भिंगरीचा वर्गमित्र. पण गेले तीन दिवस भिंगरी चक्क एका जागी बसून होती. शेपटाला त्याचीच काळजी वाटत होती.

ते पुस्तक म्हणजे एक जाडजूड, जुनी चित्रकादंबरी होती, 'घारपंख'. चित्रांचं पुस्तक म्हणजे तासाभरात फडशा, असं भिंगरीला वाटलं होतं. पण छे! एकेका पानावर तिचं बोट थबकत होतं. आकाशात उडणारा हा वीर घरी आला की स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून आपले फाटलेले पंख स्वतः शिवायचा. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. त्याला भीती वाटायची. वीरांना भीती वाटते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं!

आणि शेवटी हे! पेटलेल्या गिरणीतून तीन मुलांना कवेत घेऊन घारपंख बाहेर येतो. पान उलटलं, तर खिडकीत अजून हात! घारपंख ते पाहतो आणि उडून जातो. दूर एका गच्चीवर तोंड झाकून बसतो. पुस्तक संपलं.

भिंगरीला आपलंच काहीतरी आठवलं. मागच्या आठवड्यात तरणतलावावर ती उंच फळीवर चढली होती. खाली पाहिलं आणि शिडीनं परत उतरली. कोणी हसलं नाही. शेपटानं फक्त टॉवेल पुढे केला होता. ते जास्त लागलं होतं.

"हेच का ते पुस्तक?"

वाचनालयाचे अध्यक्ष दारात उभे होते. काखेत ते स्वतः वाचत असलेलं पुस्तक, त्यातून डोकावणारी नारिंगी वाचनखूण, मागे कावऱ्याबावऱ्या ग्रंथपाल बाई.

"मी शेवटची पानं पाहिली, बाई. मुलांना संकटात टाकून पळणारा वीर? हेच का संस्कार? पाच वाजता रद्दीवाला येतोय. हे त्याच्याकडे द्या!"

"पण साहेब, एकदा सगळं वाचून तरी..."

"शितावरून भाताची परीक्षा!" म्हणत अध्यक्ष वाचनकक्षात गेले.

घड्याळात साडेतीन वाजले होते. भिंगरीनं पुस्तक छातीशी धरलं. तिला घारपंखचा राग आला होता, पण त्याला रद्दीत कसं टाकायचं?

"दाखव जरा," इतका वेळ गप्प असलेला बॅटरी म्हणाला. त्यानं चष्मा पुसला आणि नाक पानाला टेकवलं. "हे बघ. आगीत त्याचा डावा पंख जळला, बरोबर? मग नंतर गच्चीवर तोच पंख धडधाकट कसा?"

"आणि खिडकीतल्या हाताची बाही बघा!" शेपूट ओरडला. "पट्ट्यापट्ट्यांची! आधी बाहेर काढलेल्या मुलाचीपण तशीच आहे!"

भिंगरी ताडकन उठली. "पानं उलटसुलट लागलीत! पण इथे पानांचे आकडेच नाहीत... चला, बाइंडरकाकांकडे!"

मागच्या खोलीत खळीचा वास दरवळत होता. बाइंडरकाकांनी पुस्तक हातात फिरवलं. "चाळीस वर्षं बांधतोय मी. काय बिघडलंय त्यात?"

"आकडे कुठे गेले, काका?"

"उंदरांनी खालची कड कुरतडली होती. शिवायच्या आधी बोटभर कापली, त्यात आकडेही गेले. मग शब्दांवरून क्रम लावला. पानांच्या शेवटच्या दोन गठ्ठ्यांत एक शब्द असेल तर शपथ! चित्रं तर चित्रं, मागं काय नि पुढं काय!"

"अहो, जळका पंख लगेच बरा होईल का?"

"शिवला असेल त्यानं!"

"आगीतून निघता निघता? सुईदोरा काय दातात धरून उडतो?"

काका हसले, पण मान हलवत म्हणाले, "तुमच्या म्हणण्यावर मी शिवण उसवणार नाही. पुरावा आणा."

"कापलेल्या पट्ट्या टाकून दिल्यात?" बॅटरीनं विचारलं.

"टाकीन होय! दोरा ओवून वाचनखुणा केल्या. बाईंनी वाटल्या सगळ्यांना."

भिंगरीनं पुस्तकातली आपली वाचनखूण ओढून काढली. तिच्यावर निळ्या बुटाचं टोक होतं आणि आकडा, १२०! ती गच्चीच्या पानाखाली धरली. बूट पुरा झाला!

"आता आगीची पट्टी हवी! धावा!"

त्यांनी बालविभागातलं एकेक पुस्तक झटकलं. नकाशांच्या पुस्तकात १७ निघाला, शब्दकोशात ६४. आगीची पट्टी काही मिळेना! पावणेपाच वाजले. बाहेर रद्दीवाल्याची हातगाडी थांबली.

तेवढ्यात शेपूट दिसेनासा झाला. तो थेट वाचनकक्षात जाऊन अध्यक्षांपुढे उभा होता.

"आजोबा, तुमची खूण बघू?"

"कसली रे?"

"पुस्तकातली. तिच्यावर जाळ आहे!"

अध्यक्षांनी चक्रावून खूण काढून दिली आणि तेही शेपटामागोमाग बालविभागात आले. नारिंगी ज्वाळा, जळक्या पंखाचं टोक आणि आकडा १३४! बॅटरीनं ती आगीच्या पानाखाली ठेवली. केसाइतकाही फरक नव्हता!

"गच्ची एकशेवीस, आग एकशेचौतीस," भिंगरी सावकाश म्हणाली. "म्हणजे मुलांचे हात पाहून तो आधी घाबरला. पळाला. गच्चीवर रडला. आणि मग... मग परत आला."

दारात आलेले बाइंडरकाका खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी. चित्रं वाचायची असतात, हे मला माहीतच नव्हतं. आण, उसवतो."

अध्यक्ष मुलांच्या ठेंगण्या स्टुलावर बसले. गुडघे हनुवटीला टेकले होते.

"बाई, चूक माझीही. रद्दीवाल्याला परत पाठवा. आणि पुस्तक शिवून झालं की आधी मला द्या. पहिल्या पानापासून वाचतो." मग ते मुलांकडे वळले. "शाबास! मी शीत चाचपलं, तुम्ही अख्खं पातेलं तपासलंत!"

बाईंनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. तो बराच वेळ तिथेच होता.

घरी जाताना भिंगरी सावकाश चालत होती. कोपऱ्यावर शेपटानं हळूच विचारलं, "ताई, घारपंख पळाला होताच ना पण?"

"होताच."

थोडं चालून ती म्हणाली, "उद्या तलावावर टॉवेल घेऊन ये. पण शिडीपाशी उभा राहू नकोस हं. पलीकडे थांब, पाण्याच्या कडेला."